अस्मानी संकट आणि माणसाचे कर्म

आपल्या भाषेने संकटांची दोन कुळे मानली आहेत : अस्मानी आणि सुलतानी. राज्यकर्त्याच्या जुलमाने ओढवते ते सुलतानी आणि आकाशातून कोसळते ते अस्मानी. सुलतानी संकटाबद्दल तक्रार करता येते, दाद मागता येते, दोषी कोण हे विचारता येते. अस्मानी संकटापुढे मात्र हात जोडण्यावाचून मनुष्याला काही उरत नाही, अशी आपली पिढ्यानुपिढ्यांची समजूत आहे. दुष्काळ आणि अतिवृष्टी ही दोन्ही अस्मानीच्या खात्यात जमा होत आली. ही विभागणी आजही तशीच खरी आहे काय, हा प्रश्न प्रस्तुत लेखात वाचक बंधुभगिनींपुढे ठेवण्याचे मी धाडस करीत आहे. अधिकार थोडा असला तरी प्रश्न मोठा आहे, आणि तो आपल्या गावच्या नदीशी बांधलेला आहे.

सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाचे तापीशी नाते दुहेरी आहे. मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावून सुमारे ७२४ किलोमीटर वाहत येणारी ही नदी वाटेत भुसावळ, जळगाव, धुळे, नंदुरबार या मुलखाचे पाणी घेते आणि मग आपल्या दारावरून समुद्रास मिळते. आपल्यापैकी अनेक कुटुंबे याच खानदेशातून पोटापाण्यासाठी येथे आली. तेव्हा पुराचे पाणी आले म्हणजे ते परक्या ठिकाणचे नसते. आपल्या आजोळच्या शेतावर पडलेला पाऊसच आपल्या उंबऱ्याशी येऊन उभा राहतो.

आजोळचा तो पाऊस किती भयंकर रूप धरू शकतो हे या शहराने पाहिले आहे. १९६८ च्या ऑगस्टमध्ये, उकाई धरण बांधून होण्यापूर्वी, तापीला सुमारे १५ लक्ष क्युसेकचा महापूर आला. १९७२ मध्ये धरण पूर्ण झाले आणि लोकांना वाटले की आता नदीला वेसण बसली. परंतु २००६ च्या ऑगस्टमध्ये वरच्या खोऱ्यात इतका पाऊस झाला की धरणातून सुमारे ९ लक्ष क्युसेक पाणी सोडावे लागले आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. शहरातून नदी सुखरूप वाहून नेऊ शकते ते पाणी याच्या निम्म्याहूनही कमी आहे. मी त्या वेळी अगदी लहान होतो. तथापि आमच्या ओळखीच्या कित्येक घरांत वडीलधारी मंडळी भिंतीवर हात ठेवून ‘पाणी येथवर होते’ असे आजही दाखवितात. त्या वेळी धरणाच्या पाण्याविषयी पुष्कळ वाद झाला. कोणी त्यास सुलतानी म्हटले, कोणी अस्मानी. मला मात्र त्याच्याही मागे जाऊन, जो पाऊस मुळात आकाशातून पडला, त्याच्याविषयीच विचारावयाचे आहे.

पुराणांनी तापीला सूर्यकन्या म्हटले आहे. ही कल्पना मला नेहमीच फार अर्थपूर्ण वाटत आली आहे, कारण पर्जन्याचे सारे शास्त्र तीत बीजरूपाने सामावले आहे. सूर्याच्या तापाने समुद्राच्या पाण्याची वाफ होते, ती वाफ हवा उचलून धरते, आणि हवा वर जाऊन थंडावली म्हणजे तीच वाफ पाऊस होऊन खाली येते. हवा किती वाफ धरू शकेल हे तिच्या उष्णतेवर अवलंबून असते. हवा जितकी उष्ण, तितकी तिची ओंजळ मोठी. शास्त्रज्ञांनी याचे प्रमाणही ठरविले आहे : उष्णता १ अंश सेल्सियसने वाढली की हवेची वाफ धरण्याची शक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. मोठ्या ओंजळीने उचललेले पाणी सांडताना मोठ्या प्रमाणावरच सांडते. शिवाय वाफेचे पाणी होत असता उष्णता बाहेर पडते. ती ढगातील हवेस आणखी वर रेटते आणि भोवतालची ओलसर हवा आत ओढून घेते. त्यामुळे एखादी सर या हिशेबाहूनही जोरकस होऊ शकते.

आता ही हवा तापली कशाने? दगडी कोळसा, खनिज तेल आणि वायू जाळल्याने कार्बन डायऑक्साइड वायू आकाशात साठतो, आणि घोंगडीने अंगाची ऊब राखावी तशी तो पृथ्वीची उष्णता राखून धरतो. स्वीडनचे शास्त्रज्ञ आर्हेनियस यांनी हा हिशेब १८९६ मध्येच मांडला होता. हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर १९५८ पासून या वायूचे अखंड मोजमाप होत आहे. आरंभी हवेच्या दर दहा लक्ष भागांत त्याचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाशी तुलना करता पृथ्वीचे सरासरी तापमान १ अंशाहून अधिक वाढले आहे. भारतापुरते पाहिले तर १९०१ ते २०१८ या काळात ही वाढ सुमारे ०.७ अंश आहे.

आपल्याकडील पावसावर याचा परिणाम काय झाला, याचाही शोध आपल्याच शास्त्रज्ञांनी घेतला आहे. बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ ते २००० या अर्धशतकातील मध्य भारताचा पाऊस तपासून २००६ मध्ये असे दाखविले की, जोरदार पावसाचे प्रसंग वाढले आहेत आणि मध्यम पावसाचे कमी झाले आहेत. वर्षाची बेरीज पाहिली तर फारसा फरक दिसत नाही; फरक पडण्याच्या रीतीत आहे. पुढे २०१७ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ चा काळ तपासला. तेव्हा मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग सुमारे तिप्पट झाल्याचे, आणि अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या लोटांशी त्यांचा संबंध असल्याचे त्यांना आढळले. आपल्या तापीचा उगम याच प्रदेशात आहे.

कोणी म्हणेल, ७ टक्के म्हणजे कितीसे? २०० मिलिमीटरच्या जागी २१४ मिलिमीटर पाऊस पडला तर असा काय अनर्थ होणार? याचे उत्तर ज्याच्या घरामागून खाडी वाहते त्यास विचारावे. १ चौरस किलोमीटर जमिनीवर १४ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ कोटी ४० लक्ष लिटर पाणी होते. पहिले २०० मिलिमीटर खाडीच्या पोटात, गटारांत, मोकळ्या जागेत कसेबसे मावतात. भांडे काठोकाठ भरल्यानंतर जे पाणी येते तेच उंबरठा ओलांडते. थोडक्यात, मिठी खाडीच्या काठच्या वस्तीतील माणसाला जे बुडविते ते साऱ्या पावसाचे पाणी नसून काठावरचे अखेरचे पाणी असते, आणि वाढलेल्या उष्णतेने जी भर घातली तीही त्याच अखेरच्या पाण्यात असते. २०२५ च्या जूनमध्ये अतिवृष्टी होऊन खाड्यांचे पाणी वस्त्यांत शिरले, ते आपल्यापैकी पुष्कळांनी स्वतः अनुभविले आहे.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. महापूर पूर्वीही येत होते. १९६८ चा पूर तर २००६ हून मोठा होता. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्यास १०० मिलिमीटरही पडला नाही. अशा लहरी पावसाचे कारण एकट्या उष्णतेत कसे शोधावे? २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरास एका दिवसात जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस झाला आणि महाड तालुक्यातील तळीये गाव दरडीखाली गाडले गेले. त्यातही डोंगराच्या उताराचा आणि मातीचा वाटा होताच. हे सर्व खरे आहे. अमुक एक पूर केवळ धुरामुळे आला असे म्हणणे शास्त्रासही धरून नाही आणि सत्यासही.

परंतु यावरून माणसाचा हात त्यात नाही असे ठरत नाही. तंबाखू खाणारा प्रत्येक मनुष्य मुखाच्या रोगाने दगावत नाही, आणि तंबाखूला न शिवलेल्यासही तो रोग क्वचित जडतो. म्हणून तंबाखू निर्दोष आहे, असे कोणी शहाणा म्हणतो काय? एका रोग्याच्या बाबतीत जे बोट ठेवून दाखविता येत नाही, ते हजार रोगी मोजले म्हणजे स्वच्छ दिसते. पावसाचेही तसेच आहे. एका पुराचा निवाडा कठीण असतो, पण अर्धशतकाचा हिशेब स्पष्ट बोलतो. अस्मानी म्हणून आपण ज्याकडे बोट दाखवितो, त्यात आता माणसाचे कर्मही मिसळले आहे.

एकदा हे मान्य केले की नीतीचा खरा प्रश्न उभा राहतो. कर्माचा जो नियम आपण लहानपणापासून ऐकतो तो ‘करावे तसे भरावे’ असा आहे. येथे मात्र करणारा एक आणि भरणारा दुसरा, असे दिसते. जगातील श्रीमंत राष्ट्रांनी दीडशे वर्षे कोळसा जाळला; भारतात दर माणशी या वायूचे उत्सर्जन आजही जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. आपल्या देशातही ज्याच्या घरी वातानुकूलन यंत्र आहे, मोटार आहे, त्याचे घर बहुधा उंचावर असते, आणि ज्याच्या घरी एक पंखा आणि एक दिवा आहे, त्याची खोली खाडीच्या काठी असते. पूर आला म्हणजे गहू कोणाचे भिजतात? मुलांची पुस्तके कोणाची वाहून जातात? ज्याचा धूर सर्वांत थोडा, त्याच्याच घरात चिखल सर्वांत अधिक साचतो.

अशा वेळी आपल्या तोंडून सहज शब्द निघतो : दैव. याच शब्दापाशी मला वाचकांना क्षणभर थांबवावयाचे आहे. दैव या शब्दाचे दोन उपयोग आहेत आणि ते एकमेकांपासून फार भिन्न आहेत. ज्याचे घर बुडाले तो मनुष्य चिखल उपसता उपसता ‘माझे दैव’ असे म्हणतो, तेव्हा तो शब्द त्याला धीर देतो. दुःख गिळून पुन्हा उभे राहण्याचे बळ देतो. त्या शब्दाची थट्टा करण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु ज्याचे घर कोरडे राहिले तो गच्चीवरून खाली पाहत ‘त्यांचे दैव’ असे म्हणतो, तेव्हा तोच शब्द त्याला कर्तव्यातून मोकळे करतो. पहिल्या मुखात दैव म्हणजे धैर्य, आणि दुसऱ्या मुखात दैव म्हणजे पळवाट. माझ्या मते सारा विवेक या एका भेदात आहे : स्वतःच्या दुःखास दैव म्हणावे, दुसऱ्याच्या दुःखास म्हणू नये. दुसऱ्याच्या दुःखापुढे एकच विचारावे की, यात माझे कर्म किती?

पूर्वजन्मीचे पाप म्हणून हे भोग आले, असेही बोलणारे भेटतात. पुरात सर्वस्व गमावलेल्या माणसाला असे सांगणे म्हणजे धर्माच्या नावाने त्याच्या जखमेवर मीठ चोळणे होय. ज्या पापाची चिमणी आपल्या डोळ्यांसमोर धुरळत आहे, ते सोडून न दिसणाऱ्या जन्माचे पाप शोधण्यास आपण का जावे? गीतेच्या तिसऱ्या अध्यायात पर्जन्याचा संबंध यज्ञाशी आणि यज्ञाचा संबंध कर्माशी जोडला आहे. पाऊस आणि मनुष्याचे आचरण यांचा काहीच संबंध नाही, असे आपल्या पूर्वजांनी कधीच मानले नव्हते. तो संबंध कसा घडतो हे मात्र आज आपल्याला अधिक नेमके कळले आहे, आणि कळल्यामुळे जबाबदारीही वाढली आहे.

वडिलांबरोबर यजमानांच्या घरी जाताना मी पाहत आलो आहे की, कोणतेही धर्मकृत्य संकल्पावाचून आरंभिले जात नाही. हातात उदक घेऊन आधी देशकालाचा उच्चार होतो, मग कर्त्याचे गोत्र आणि नाव, मग ते कर्म कशासाठी करावयाचे हे सांगितले जाते. निनावी कर्म आपल्याकडे नाही. धूर हे मात्र असे कर्म आहे की ज्याचा संकल्प कोणी सोडीत नाही. दिवा लावणारा म्हणतो, ‘मी फक्त दिवा लावला’. बॉयलर पेटविणारा म्हणतो, ‘मी फक्त कापड रंगविले’. कापड नेसणारा म्हणतो, ‘मी फक्त नेसलो’. कर्माचे नाव प्रत्येकाने निराळे ठेवले, म्हणून त्याचा कर्ता नाहीसा होत नाही. यात कोणा एकावर दोष ठेवण्याचा माझा हेतू नाही. आपल्या सभासदांपैकी कित्येकांची चूल याच डाइंग मिलच्या आणि लूमच्या कामावर पेटते, आणि मंदिराच्या पेटीत पडणारा पैसाही तेथूनच येतो. म्हणूनच हा प्रश्न दुसऱ्याचा म्हणून टाकून देता येत नाही.

यावर सर्वांत प्रबळ आक्षेप असा की, एकट्या माझ्याने काय होणार? माझ्या घरचा एक दिवा विझल्याने पाऊस थोडाच आवरणार आहे? या आक्षेपाचे उत्तर आपल्या घरोघरी श्रावण सोमवारी सांगितल्या जाणाऱ्या खुलभर दुधाच्या कहाणीत आहे. राजाने महादेवाचा गाभारा भरण्यासाठी गावातील सारे दूध सक्तीने आणविले. मुलांना ठेवले नाही, वासरांना ठेवले नाही, तरी गाभारा भरला नाही. एका म्हातारीने मात्र मुलांना, लेकीसुनांना, वासरांना पाजून उरलेले खुलभर दूध आणून ओतले आणि गाभारा भरून गेला. या कहाणीचा बोध बहुधा भक्तीचा म्हणून सांगतात, आणि तो योग्यच आहे. परंतु तीत न्यायाचाही बोध आहे. घरातल्या लेकरांचा घास काढून केलेला त्याग देवाला नको आहे. खाडीकाठच्या बाईने आपला एकुलता पंखा बंद करावा, असे कोणीही सांगू नये. आधी गरजवंताचे भागावे आणि मग उरलेल्यातून द्यावे. ज्याच्याजवळ उरते अधिक, त्याच्यावर देण्याचे ऋणही अधिक. शिवाय वाटा लहान आहे म्हणून तो ओतायचा नाही, असे त्या म्हातारीने म्हटले असते तर गाभारा रिताच राहिला असता. थेंबे थेंबे तळे साचते, तसा काडी काडीने धूरही साचला आहे. तो उतरायचा तरी तसाच उतरेल.

आता कर्तव्य काय, ते थोडक्यात पाहू. पहिले कर्तव्य जाळणे कमी करण्याचे. उत्सवात रात्रभर जळणारी रोषणाई आरतीनंतर मालविली तर देवाच्या तेजात उणेपणा येत नाही. छपरावर सूर्याच्या उन्हापासून वीज घेण्याची सोय आज सामान्य झाली आहे. सूर्यकन्येच्या तीरावरील मंदिरात दिवा सूर्याच्याच शक्तीने लागावा, याहून उचित ते काय?

दुसरे कर्तव्य पाण्याला वाट देण्याचे. हवेत आधीच साठलेली उष्णता उद्या उतरणार नाही. आपण सर्वांनी आज धूर थांबविला तरी मुसळधार सरी आपल्या मुलांच्या काळातही येतच राहतील. म्हणून खाडीच्या पात्रात भराव घालून बांधलेली भिंत, नाल्यात टाकलेली प्लास्टिकची पिशवी, निर्माल्य म्हणून पुलावरून फेकलेली पिशवीबंद फुले हीही कर्मेच आहेत. २००६ नंतर पावसाळ्यात उकाईच्या जलाशयात जागा मोकळी राखण्याकडे अधिक लक्ष दिले जाते, आणि पुराची सूचना आधी मिळावी म्हणून या शहरात पुष्कळ कामही झाले आहे. जलाशयाने जागा राखायची आणि आपण मात्र ओढ्यानाल्याची जागा बळकावायची, हे कसे चालेल?

तिसरे कर्तव्य शेजारधर्माचे. आपल्या सभासदांपैकी तळमजल्यावर कोण राहते, कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले वृद्ध आहेत, कोणाच्या घरी तान्हे मूल आहे, याची यादी पुराच्या रात्री करता येत नाही. ती ज्येष्ठातच तयार असली पाहिजे. कोणाच्या वरच्या मजल्यावर कोण जाणार, कागदपत्रे आणि औषधे कशात बांधून ठेवायची, हेही आधी ठरवावे. हे काम लहान दिसते. परंतु काठोकाठ भरलेल्या भांड्याच्या बाबतीत आपण पाहिलेच की अखेरच्या थोड्या पाण्यानेच सारा अनर्थ होतो. तसे अखेरच्या थोड्या तयारीनेच पुष्कळांचे प्राण वाचतात.

पर्जन्यासाठी प्रार्थना करण्याची आपली परंपरा आहे आणि ती असावीच. आषाढ शुद्ध सप्तमीला तापीमाईला चुंदडी अर्पण करून आपण तिची कृपा मागतो. यापुढे त्या दिवशी मागण्याबरोबर एक संकल्पही सोडावा, अशी माझी नम्र सूचना आहे. त्यात कर्त्याचे नाव स्पष्ट असावे, आणि या वर्षी आपण कोणते जाळणे कमी करू, पाण्याची कोणती वाट मोकळी करू आणि कोणत्या शेजाऱ्याची काळजी वाहू, हे प्रत्येक घराने आपापल्या शब्दांत सांगावे. अस्मान देवाचे आहे खरे. परंतु त्यात चढलेला धूर आपला आहे, आणि तो आपला म्हणणे हाच त्या संकल्पाचा पहिला शब्द होय.